रंगवायचे राहिलेले नाक

मी एक जुने छापील चित्र आहे. हाताने रंगवलेले, कडांना फाटलेले, मध्यभागी घडीची आडवी रेघ पडलेले. मित्रांनो, माझ्यासारखी चित्रे लोकांना हसवण्यासाठी काढली जात. दुकानाच्या काचेत ती लावली की रस्त्यावर गर्दी जमे. मीही त्यासाठीच जन्मले होते. पण काचेत लागण्याचे भाग्य मला मिळाले नाही. मला एक घर मिळाले, आणि आज इतक्या वर्षांनी मला आठवण येते ती त्या घराचीच.

माझा कागद चिंध्यांचा आहे. जुने सदरे, फाटक्या चादरी, गलबतांची विरलेली शिडे असे काहीबाही कुजवून, कुटून त्याचा लगदा झाला आणि त्यातून मी निघाले. माझे रूप मात्र दुसरीकडेच तयार होत होते. लंडनमधल्या एका गल्लीत लँबर्ट फ्रेन नावाचे चित्रकार राहत. त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवले, सुईने त्यात रेघा ओढल्या आणि पत्रा तेजाबात बुडवला. जिथे रेघ होती तिथे तेजाबाने तांबे खाल्ले. मग त्या रेघांत शाई भरली, मला ओले करून पत्र्यावर पसरले आणि दाबयंत्रातून फिरवले. मी बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर दोन माणसे होती.

डाव्या बाजूला एक म्हातारा पहारेकरी आपल्या लाकडी खोपटात बसून झोपलेला. त्याच्या हातात कंदील, गळ्यात मफलर, तोंड उघडे. उजव्या बाजूला निळ्या डगल्यातला, उंच टोपी घातलेला नवा पोलीस. त्याची छाती कोंबड्यासारखी पुढे आलेली, आणि एक पाय म्हाताऱ्याच्या खोपटावर, ढकलून देण्याच्या बेतात. खाली ओळ होती: 'जुना डुलक्या घेतो, नवा छाती काढतो.'

ते १८२९ साल होते. सप्टेंबर संपताना पेठापेठांतले रात्रीचे पहारेकरी जाणार आणि त्यांच्या जागी सरकारचे नवे पोलीस येणार, असे ठरले होते. शहरात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हाताऱ्या पहारेकऱ्यांना हसत होते, कुणी नव्या पोलिसांना, आणि चित्रांची दुकाने दोघांच्याही जिवावर चालत होती.

आमचे दुकान प्रुएटबाईंचे. त्या विधवा होत्या आणि नवऱ्यामागे धंदा एकटीने चालवत होत्या. दुकानाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल होते. त्याभोवती चार बायका बसून चित्रे रंगवत. प्रत्येकीकडे एकच रंग. पहिली पिवळा भरून कागद पुढे सरकवी, दुसरी तपकिरी. निळा डॉर्कसकडे होता आणि शेवटचा लाल केझाया ट्रँटरकडे. केझाया चौतिशीची होती. तिचा हात इतका हलका होता की बाई तिला गालांचे, ओठांचे आणि नाकांचे काम देत.

आमच्या गठ्ठ्यातला पहिला कागद तिच्यासमोर आला आणि तिचा कुंचला हवेतच थांबला. मी त्याच गठ्ठ्यात बरेच खाली होते, पण ऐकू सगळे येत होते.

"काय गं, रंग सुकला का?" प्रुएटबाईंनी विचारले.

"बाई, हे आमचे बाबा आहेत."

बाईंनी चष्मा चढवला. "सगळे पहारेकरी सारखेच दिसतात."

"सगळ्यांची डावी पापणी अर्धी मिटलेली नसते. आणि हा तीन पट्ट्यांचा मफलर मी विणलाय." केझायाचा आवाज अगदी शांत होता. "फ्रेनसाहेब आमच्या गल्लीतच राहतात. पहाटे पाचला बाबाच त्यांच्या खिडकीवर काठी वाजवून त्यांना उठवतात. तोंड बघितलेलं, तेच काढलं."

"मग चांगलंच की. तुझे बाबा आमच्या काचेत लागतील. तिथं एरवी सरदार-दरकदार लागतात."

"नाकाला लाल नको, बाई. लाल नाक म्हणजे दारुडा. बाबांनी नऊ वर्षांत थेंब घेतला नाही. आई गेली त्या दिवसापासून."

प्रुएटबाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा उतरवला. मग म्हणाल्या, "अगं, नाक लाल नसेल तर लोक हसतील कशाला? नुसता दमलेला म्हातारा झोपलाय, त्यात गंमत ती काय? तुला जड जात असेल तर डॉर्कसशी रंग बदल. ती करेल नाकं."

डॉर्कसने कुंचला धुवायला घेतलाही. पण केझाया म्हणाली, "नको. त्यापेक्षा माझं मीच करते."

आणि तिने ती केली. एकामागून एक नाके लाल होत गेली. मला वाटते, दुसऱ्या कुणाच्या हाताने तो रंग लागण्यापेक्षा आपल्या हाताने लागलेला तिला बरा वाटला असावा. दुपार उलटली तेव्हा मी तिच्यासमोर आले. माझ्यावर पिवळा होता, तपकिरी होता, निळा होता. कुंचल्याचे टोक माझ्या इतके जवळ आले की रंगाचा ओलावा मला जाणवला. पण ते टेकले नाही. तिने मला बाजूला ठेवले आणि पुढचा कागद ओढला.

संध्याकाळी बाईंनी गठ्ठा तपासला. "हे एक राहिलंय. नाक कोरंच आहे."

"राहू दे, बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बिघडलेल्यात धरते. घेऊन जा. चूल पेटवायला होईल."

केझायाने माझी घडी घातली आणि मला शालीखाली धरून घरी नेले. ही माझ्या पोटावरची रेघ तेव्हाची. मेणबत्तीवाल्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. तिथे बाप आणि लेक राहत. तिने मला चुलीत घातले नाही, गादीखाली सरकवले.

तिच्या वडिलांचे नाव जोसाया ट्रँटर. सव्वीस वर्षे त्यांनी त्या पेठेत पहारा दिला होता: रात्रभर फिरून दारांच्या कड्या ओढून बघायच्या, आणि दर तासाला वेळ व 'सगळं ठीक आहे' असे ओरडून सांगायचे. आता काम जाणार म्हणून त्यांनी नदीकाठच्या एका लाकडाच्या वखारीत फाटकावर बसण्याची नोकरी बघून ठेवली होती. मालकाने तोंडी होकार दिला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जोसायांनी दाढी केली, मफलर नीट बांधला आणि ते सकाळी सकाळी निघाले. आदल्याच आठवड्यात माझी भावंडे काचेत लागली होती.

जोसाया दुपारच्या आतच परत आले. गादीच्या कडेवर, म्हणजे माझ्याच अंगावर, बसले. केझाया त्या दिवशी डोके दुखते म्हणून घरी होती.

"केझे, त्या काचेतलं चित्र. तो मीच ना?"

ती चुलीकडे वळली.

"वखारीतली माणसं दारातच म्हणाली, आले बघा चित्रातले. मग मालक बाहेर आले. म्हणाले, ट्रँटर, तुम्ही भले असाल, पण माझ्या फाटकापाशी लोक हसायला जमले तर माल आत कसा घ्यायचा?"

"तुम्ही सांगायचं ना, मी पीत नाही म्हणून."

"सांगितलं. ते म्हणाले, चित्रकारानं उगीच कशाला काढलं असेल." जोसायांनी मफलर सोडला. "लाल रंग तुझ्याकडे असतो ना गं?"

"हो, बाबा."

मग केझायाने गादीखाली हात घातला, मला बाहेर काढले आणि त्यांच्या गुडघ्यांवर उलगडले. "सगळी केली. हे एवढं एक नाही झालं माझ्यानं."

जोसायांनी मला खिडकीपाशी नेले. खूप वेळ पाहिले. मला वाटले, आता फाडतील.

"कंदील चुकलाय," ते म्हणाले. "कडी वर काढलीय. आमच्या कंदिलाला मूठ मागे असते. असा धरला तर काजळी डोळ्यांत जाईल."

"आणि बाकी?"

"पापणी बरोबर आहे. मफलर तर झकास काढलाय."

"बाबा, ती बाकीची नाकं…"

"झोप अनावर झाली की मीही खोपटातनंच 'सगळं ठीक आहे' म्हणून ओरडलोय, पोरी. दर वेळी सगळं ठीक नव्हतं." त्यांनी खिशातून दोन खिळे काढले. "कुठं लावू? खिडकीसमोर लावतो. माझं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं."

अशी मी भिंतीवर आले. केझाया दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामावर जाऊ लागली, कारण आता घरात तिचीच कमाई होती. मी आणि जोसाया दिवसभर घरी असू. सव्वीस वर्षे दिवसा झोपलेल्या माणसाला दिवसाचे काय करायचे ते कळेना. ते वाटाणे निवडत, ताट पुसत, पुसलेले पुन्हा पुसत. कधी चर्चची घंटा झाली की जागच्या जागी ताठ उभे राहत. तोंड उघडत आणि मिटत. ओरडून कुणाला वेळ सांगायची? ज्याला त्याला घंटा ऐकू येतच होती. मला हात असते तर मी त्यांचा हात धरला असता.

एका दुपारी जिन्यावर जड बुटांचा आवाज आला. दार उघडले आणि माझ्या उजव्या बाजूचा माणूसच आत आला, असे मला क्षणभर वाटले. तोच निळा डगला, कॉलरवर आकडा, काखेत उंच टोपी. त्याने जोसायांचा दंड धरला होता. केझाया त्या दिवशी जेवायला घरी आलेली होती.

"हे काका तुमचेच का?" त्याने तिला विचारले. "भर दुपारी दुकानांच्या कड्या ओढून बघत होते. चीजवाल्यानं मला हाक मारली."

"त्याची कडी सैलच आहे," जोसाया म्हणाले. "सव्वीस वर्षं सांगतोय त्याला."

तो पोलीस पंचविशीचा होता. त्याचे नाव रूबेन ॲस्क्यू, गाव लांब नॉरफोकात. त्याच्या पाठीवर ओला चिखल थापलेला होता. लोक या नव्या पोलिसांना 'कच्चे शेवंड' म्हणत. शेवंड, म्हणजे समुद्रातला मोठा झिंगा, कच्चा असताना निळसर असतो आणि उकळला की लाल होतो. लाल डगले फौजेचे. म्हणजे हे पोलीस नाहीत, आमच्यावर सोडलेली फौजच आहे, असा टोमणा. टोमण्यासोबत चिखलही येई.

त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा मी आहे का?"

"तू नाहीस," जोसाया म्हणाले. "पण डगला तुझाच आहे. काढ तो, पोरगी चिखल झटकून देईल. बस जरा."

रूबेन बसला. केझायाने त्याच्यापुढे पाव आणि वाटाण्याचे सूप ठेवले. खाता खाता तो म्हणाला, "मला तुमचे रस्तेच कळत नाहीत, काका. नकाशा दिलाय, पण त्यात माणसं नाहीत."

जोसायांच्या डोळ्यांत काहीतरी हलले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "कुठं अडतोस ते सांग."

त्या दिवसापासून रूबेन आठवड्यातून दोनदा तरी दुपारी येऊ लागला. आणि जोसाया त्याला सारी पेठ शिकवू लागले. कोपऱ्यावरची लेसवाली म्हातारी बहिरी आहे, तिच्या दारावर थाप मारू नको, खिडकीसमोर काठी हलव. घोड्यांच्या तबेल्यामागे एक माणूस झोपेत चालतो, त्याला हाक मारायची नाही, नुसते खांद्याला धरून वळवायचे. अमक्या घरातून रडणे ऐकू आले तर थांब. तमक्या घरातून आले तर ते रोजचेच, पण तरी थांब. रूबेन ऐकत राही. जोसायांचा आवाज त्या वेळी असा भरून येई की खाली मेणबत्तीवालाही काम थांबवून ऐके. माझ्या अंगावर एकाचा पाय दुसऱ्याच्या खोपटावर होता, आणि माझ्यासमोर ती दोन माणसे एकाच ताटातला पाव मोडून खात होती. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या दुपारी होत्या.

पुढच्या वसंतात वारे फिरले. लोक नव्या पोलिसांवर चिडले होते आणि त्यांना अचानक जुन्या पहारेकऱ्यांची आठवण येऊ लागली होती. एके दिवशी लँबर्ट फ्रेन स्वतः जिना चढून आले. रूबेन तेव्हा खिडकीपाशी बसलेला होता. डगला दुरुस्तीला दिलेला, त्यामुळे तो कोण ते त्यांना कळले नाही.

"ट्रँटरबाबा, प्रुएटबाईंनी पाठवलंय," फ्रेन म्हणाले. "नवं चित्र काढायचं आहे. या खेपेला तुम्ही नायक. कंदील उंच धरलेला, मागे लेकरंबाळं सुखानं निजलेली. बसा माझ्यासमोर दोन दिवस. मोबदला मिळेल. आणि लोक पुन्हा तुमचं नाव काढतील. वखारवालासुद्धा."

जोसाया हसले. "मग हसायचं कुणाला?"

"पोलिसाला. तुमच्या पायाशी बेडूक करून बसवतो त्याला."

केझायाचे हात पाण्यात तसेच राहिले. मला ठाऊक होते, त्या हिवाळ्यात त्यांनी दोन वेळा शाल गहाण टाकली होती. आणि जोसायांना आपले नाव निघण्याची किती भूक होती, तेही मी रोज पाहत होते. रूबेन उठून उभा राहिला. "काका, तुम्ही बसा. मला काही वाटणार नाही."

"तुला वाटेल," जोसाया म्हणाले. मग फ्रेनकडे वळून म्हणाले, "नको, साहेब. माझं तोंड एकदा बाहेर हिंडून आलंय. आता ते घरीच राहू दे."

फ्रेन यांचे लक्ष तेव्हा माझ्याकडे गेले. ते जवळ आले. कोऱ्या नाकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले, मग केझायाकडे, आणि त्यांची मान खाली गेली. "मला वखारीचं नंतर कळलं," ते म्हणाले. "तोंड दिसलं म्हणून काढलं. तुमचं वाईट करायचं मनात नव्हतं. मी काय करू शकतो?"

"कंदील नीट करा," जोसाया म्हणाले. "मूठ मागं असते."

फ्रेन यांनी खिशातून लेखणी आणि शाईची कुपी काढली. मला भिंतीवरून उतरवले, टेबलावर ठेवले. वरची कडी चाकूच्या टोकाने खरवडली आणि मागे मूठ काढली. जोसाया शेजारी उभे राहून सांगत होते, "जराशी जाड. हं. आता हात बसेल." काम झाल्यावर तिघांनीही मान तिरकी करून पाहिले. रूबेन मात्र माझ्याकडे बघत नव्हता. तो म्हाताऱ्याकडे बघत होता.

त्यापुढच्या हिवाळ्यात जोसायांच्या छातीत कफ भरला आणि चार दिवसांत ते गेले. शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत एक निळा डगला होता. मी खिडकीतून पाहिले. मेणबत्तीवाला, चीजवाला, ती बहिरी लेसवाली, सगळे दारांत उभे होते. त्या दिवशी कुणी चिखल फेकला नाही, की शेवंड म्हणून हाक मारली नाही.

पुढे रूबेनची नेमणूक शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. काही रविवार तो येत राहिला. मग येणे विरळ झाले, मग थांबले. केझाया डोळे साथ देईपर्यंत रंगवत राहिली. जेवताना ती माझ्यासमोर बसे आणि दिवसभरात काय झाले ते मोठ्याने सांगे. ते मला नव्हे, डाव्या बाजूच्या त्या झोपलेल्या माणसाला असे. म्हातारपणी तीही गेली. मला एका पेटीत टाकले, पेटी जुन्या बाजारात गेली, तिथून एका संग्राहकाकडे, आणि शेवटी मी एका संग्रहालयात आले.

आता मी सपाट खणात, मऊ कागदांच्या मधोमध असते. माझ्यासोबत एक चिठ्ठी आहे: 'पहारेकरी आणि पोलीस. रंगकाम अपूर्ण. कंदिलावर नंतर कुणीतरी खाडाखोड केलेली.' लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. त्याला सांगणारे कुणी नव्हते.

मित्रांनो, जुन्या कागदांना ऊन, ओल आणि वाळवीपासून जपा. आम्ही फार लवकर खराब होतो. पण त्याहून एक वेगळे मागणे आहे. कुणाचे हास्यास्पद चित्र पाहिलेत तर खुशाल हसा. जोसायाही हसत असत. फक्त हसून झाल्यावर लगेच पुढे जाऊ नका. तिथे थोडे थांबा. ज्याचे नाक लाल केले आहे, तो संध्याकाळी कुणाच्या घरी परत जात असेल, एवढे मनात येऊ द्या.

इथे मला उजेड दाखवत नाहीत. उजेडाने माझे उरलेसुरले रंग उडतील म्हणतात, आणि ते खरे आहे. मेणबत्तीवाल्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत खिडकी माझ्या अगदी समोर होती आणि दुपारचे ऊन सरळ अंगावर येई. माझा निम्मा निळा त्या उन्हानेच नेला. उरलेला निम्माही मी आनंदाने देऊन टाकेन. मला तिथली एक दुपार हवी आहे.